थेल्माची माणसं

नॉर्मन टपलिननं आयुष्यात स्वतःहून घेतलेले निर्णय एका हाताच्या बोटांवर मोजावेत, आणि त्यातलीही दोन बोटं रिकामी राहावीत. ग्रिम्स्बीच्या बस आगारात त्यानं छत्तीस वर्षं वेळापत्रकं लिहिली. कुठली बस कधी सुटेल हे तो ठरवायचा. घरातलं माणूस कधी, कुठं जाईल हे थेल्मा ठरवायची. त्यामुळे थेल्मा गेली तेव्हा, मार्गच बंद झाल्याचं ठाऊक नसलेल्या प्रवाशासारखा तो स्वयंपाकघरात नुसता बसून राहिला.

जाण्याआधी चार दिवस, हॉस्पिटलात, ती म्हणाली होती, "मला माझ्या माणसांत ठेव."

"कुठली माणसं?" (प्रश्न रास्त होता. थेल्माला ना बहीण ना भाऊ.)

"मार्थॉर्पची. आजी सांगायची, आपण मुळातले मार्थॉर्पचे. ड्रिंग लोक."

"पण तू तर कधी तिथं गेलीही नाहीस."

"तू कधी नेलंस?"

हे त्यांचं शेवटचं भांडण. नेहमीप्रमाणे नॉर्मन हरला.

मार्थॉर्प हे लिंकन आणि समुद्र यांच्या मधोमध, कुठल्याच बसच्या वाटेवर नसलेलं गाव. दोन्हींकडून लांब. तिथल्या पाद्रीणबाई हेस्टर लवेल सहा गावांची चर्च सांभाळत. त्यामुळे बोलतानासुद्धा त्यांच्या हातात गाडीची किल्ली असे.

"अहो टपलिन, आवार भरलंय. रक्षेला जागा मिळते, पण गावात राहणाऱ्यांना. नाहीतर ज्यांची माणसं आधीच इथं पुरलेली आहेत त्यांना. बाईंची आहेत ना? मग तसा कागद आणा, मी समितीपुढं ठेवते."

म्हणजे जिवंतपणी राहायला दाखला, आणि मेल्यावर पडून राहायलाही दाखला! दुसरा एखादा तिथंच तडकला असता. नॉर्मन म्हणाला, "थँक्यू," आणि कागद शोधायला लागला. दोन-चार शनिवारांचं काम, असा त्याचा अंदाज होता.

काम अकरा महिने चाललं. लिंकनच्या जुन्या दप्तरखान्यात मार्थॉर्पच्या चर्चच्या वह्या होत्या: बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. नॉर्मन सकाळी पहिल्या बसनं जायचा आणि शेवटच्यानं परतायचा. हाताखालून गेलेले पाद्री त्याला अक्षरावरून ओळखू यायला लागले. कोण टाक नीट धरायचा, कोण घोटभर घेऊन लिहायला बसायचा. मुलगी फिलिपा लीड्सहून फोन करायची.

"जेवलास का?"

"अठराशे पंचावन्नपर्यंत पोचलो."

"बाबा, मी जेवणाचं विचारतेय."

शेवटी सापडलं. थेल्माच्या आजीची पणजी सुझाना. बाप्तिस्मा मार्थॉर्प, सन १८०२. बापाचं नाव विल्यम ड्रिंग. सुझानाच्या मुलाचा बाप्तिस्मा मात्र शेजारच्या गावी झाला होता आणि त्याच्या बापाची जागा कोरी होती. नॉर्मन हा सभ्य गृहस्थ. त्यानं कोऱ्या जागेकडं फार वेळ पाहिलं नाही आणि वहीत लिहिलं, "सुझाना त्या दिवसांत बहुधा मैत्रिणीकडे राहायला गेली असावी."

आणि मार्थॉर्पच्या चर्चच्या दक्षिणेला, उन्हाच्या बाजूला, काळ्या पाटीच्या दगडाचं देखणं थडगं होतंच: विल्यम ड्रिंग, मृत्यू १८३०, आणि कुटुंब. आणखी काय हवं?

समितीची सही हवी होती. समितीचा कारभार एडगर ड्रिंग यांच्या हातात. वय ऐंशी, उंची सहा फूट, आणि काठी टेकायला कमी, दाखवायला जास्त. काळ्या दगडाखालचे ड्रिंग हे त्यांचेच पूर्वज. कुठल्याशा ग्रिम्स्बीच्या बाईची रक्षा आपल्या वाडवडिलांच्या पायथ्याशी येणार, हे त्यांना पटेना. म्हणून ते अर्ज नाकारत नव्हते. पुढच्या बैठकीत ठेवत होते. डिसेंबरात पुढची बैठक, फेब्रुवारीत पुढची बैठक, एप्रिलमध्ये छप्पर गळत असल्यामुळे पुढची बैठक. नाही म्हणायचं धैर्य नसलेल्या माणसांनी जगभर समित्या काढल्या आहेत. मार्थॉर्पवाल्यांना वेगळं काढून दोष देण्यात अर्थ नाही.

आणि थेल्मा कपाटावर, पुठ्ठ्याच्या खोक्यात, वाट पाहत होती. रोज सकाळी चहा करताना नॉर्मन खोक्याकडे पाहून म्हणायचा, "पुढची बैठक." आणि ती काही बोलायची नाही, हेच त्याला सहन होत नव्हतं.

जूनमध्ये त्यानं निर्णय घेतला. मार्थॉर्पच्या जत्रेचा शनिवार. सगळं गाव मैदानावर नारळफेक आणि केकांच्या स्पर्धेत गुंतलेलं. भर दुपारी नॉर्मन टोमॅटोंचं खुरपं आणि पुठ्ठ्याचं खोकं घेऊन काळ्या दगडापाशी गुडघ्यांवर बसला. माती मऊ होती. खड्डा झाला, रक्षा आत गेली, माती लोटली. प्रार्थना म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि एकही आठवेना. "दगडाला ऊन चांगलं आहे, थेल्मा," तो म्हणाला. "दुपारी दोनपर्यंत तरी राहतं."

"काय लावताय?" मागून आवाज आला. केकचं ताट घेतलेली एक म्हातारी उभी होती.

"रोप," नॉर्मन म्हणाला. (खोटं बोलायची सवय नसली की माणूस पहिला सापडेल तो शब्द धरतो.)

"छान! ड्रिंगांच्या थडग्याकडं कुणीतरी बघायला हवंच होतं. कुठंय रोप?"

"आणतोच."

जत्रेतल्या रोपांच्या दुकानात फुलझाडं संपली होती. उरलं होतं एकुलतं एक भोपळ्याचं. म्हातारी त्याची वाट पाहत तिथंच उभी होती, नव्हे, तिनं झारीही भरून आणली होती. नॉर्मननं भोपळा लावला.

दर रविवारी तो येऊन पाणी घालायचा. थेल्माशी बोलायचा. त्या वर्षी ऊन-पाऊस असा पडला की भोपळ्यानं जुलैत विल्यम ड्रिंगची जन्मतारीख झाकली, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मृत्यूची, आणि मग तो त्याच्या सद्गुणांकडे वळला. चर्चच्या फळ्यावर सूचना लागली: "आमच्या घराण्याच्या थडग्यावर अज्ञात इसमानं भाजी लावली आहे. त्यानं पुढं यावं. ए. ड्रिंग." नॉर्मननं ती वाचली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि झारी भरली.

इथं थांबला असता तर सुखी झाला असता. पण वेळापत्रक लिहिणाऱ्याला मधला थांबा रिकामा ठेवता येत नाही. सुझाना शेजारच्या गावी नेमकी कुणाकडे गेली होती, एवढं बघावं म्हणून तो पुन्हा लिंकनला गेला आणि त्यानं मार्थॉर्पच्या पंचांची जुनी वही मागवली.

जानेवारी १८२१ चं पान. सुझाना, विल्यम ड्रिंग मजूर याची मुलगी, अविवाहित, दिवस भरत आलेले. मूल इथं जन्मलं तर गावाला पोसावं लागेल. तरी तिला गाडीत घालून हद्दीपार पोचवावी. खाली सही: विल्यम ड्रिंग, शेतकरी, गरिबांचा कारभारी.

नॉर्मननं पान तीनदा वाचलं. एकाच पानावर दोन विल्यम ड्रिंग. मधला मजूर, तळाचा मालक. आडनाव एक, नाव एक. चूल वेगळी, आणि बहुधा एकाची चूल पेटायची ती दुसऱ्याच्या मर्जीवर. शेजारच्या गावाच्या दफनांच्या वहीत पुढचं होतं. मुलाच्या बाप्तिस्म्यानंतर तिसऱ्या दिवशी: सुझाना ड्रिंग, वय एकोणीस, परगावची.

मजुरांना काळे दगड कोण बसवतं? दगड होता तो मालकाचा. आणि नॉर्मननं थेल्माला नेऊन ठेवलं होतं, ते नेमकं त्याच्या पायाशी.

त्यानं दप्तरखान्याच्या पायरीवरूनच फिलिपाला फोन लावला.

"मी तुझ्या आईला चुकीच्या माणसांत पुरलंय."

"पुरलंय? कधी? आई कपाटावर आहे ना?"

"कपाटावर नुसतं रिकामं खोकं आहे."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, "बाबा, जा आणि काढून आण."

"नाही काढता येत. चर्चच्या जमिनीत एकदा पुरलं की बिशपच्या कोर्टाची परवानगी लागते. मी नियम वाचलेत."

"पुरायच्या आधी नव्हते वाचले?"

"पुरायच्या आधी फक्त आत कसं जायचं तेवढेच वाचले होते."

रविवारी तो मार्थॉर्पला पोचला तेव्हा थडग्यापाशी एडगर ड्रिंग मोठी कात्री घेऊन उभे होते आणि पाद्रीणबाई, हातात किल्ली, त्यांना आवरत होत्या.

"हाच तो!" ड्रिंग गरजले. "हाच दर रविवारी येतो. लाज नाही वाटत? माझ्या पूर्वजांच्या डोक्यावर भाजी?"

"भाजीला हात लावू नका," नॉर्मन म्हणाला. "खाली माझी बायको आहे."

पाद्रीणबाईंच्या हातातली किल्ली खाली पडली.

"कुणाच्या परवानगीनं?" ड्रिंग म्हणाले.

आणि उभ्या आयुष्यात कधी न झालेलं झालं. नॉर्मन टपलिनचा आवाज चढला. खिशातून आपली वही काढून त्यानं उतरवून घेतलेलं ते पान वाचून दाखवलं, मजुरापासून सहीपर्यंत. चष्मा खिशातच राहिला होता, अक्षरं दिसत नव्हती. पण ती पाठ होती.

"तुमच्या माणसानं हिच्या माणसाला ऐन जानेवारीत गाडीत घालून हाकललं. एकोणीस वर्षांची पोर! आठवड्याच्या आत मेली, आणि तिथल्या लोकांनी लिहिलं 'परगावची'. परगावची! बाप्तिस्मा ह्या दारात झालाय तिचा!"

"दोनशे वर्षं झाली त्याला," ड्रिंग म्हणाले, पण कात्री खाली गेली होती.

"आणि माझा अर्ज? त्याला किती झाली? नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणायचं. त्या विल्यमनं निदान खाली सही तरी केली होती!"

वाऱ्यानं भोपळ्याची पानं हलत होती. ड्रिंगांनी वही मागितली आणि डोळ्यांजवळ धरून सगळं पान पुन्हा वाचलं.

"तिचे आईबाप कुठं असतील?" नॉर्मननं हळूच पाद्रीणबाईंना विचारलं.

त्यांनी उत्तरेच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं खाजकुइलीसारखं झोंबणारं रान माजलं होतं. "तिकडं कुठंतरी. त्यांना दगड नसायचे." मग म्हणाल्या, "हलवायचं म्हणाल तर मी कोर्टाला लिहीन. कठीण आहे, पण लिहीन."

"कशाला?" ड्रिंग म्हणाले. ते थडग्याकडे पाहत होते, माणसांकडे नाही. "गावानं एकदा हलवलंय त्यांना. पुरे झालं. राहू द्या तिला इथं, उन्हात." आणि मग, घसा खाकरून, "खालच्या म्हाताऱ्याला काय वाटायचं ते वाटू दे. आता त्याला कुठं गाडी मागवता येतेय?"

पाद्रीणबाई आतून दफनाची नोंदवही घेऊन आल्या. जून महिन्यातली नोंद ऑगस्टात, खुलाशासकट करावी लागणार होती. थडग्याच्या कडेवर वही ठेवून त्यांनी पेन उघडलं.

"नाव?"

"थेल्मा रोझ टपलिन."

"राहणार?"

नॉर्मन गोंधळला. ड्रिंग म्हणाले, "मार्थॉर्प लिहा."

"तसं नसतं लिहायचं, एडगर. ग्रिम्स्बी. वय?"

"एकोणसत्तर," नॉर्मन ताडकन म्हणाला. मग इतक्या वह्या पाहिलेल्या माणसाला शोभेल अशा काळजीनं म्हणाला, "थांबा, खात्री करतो. मुलीनंच सगळे कागद केले होते." आणि त्यानं फोन लावला. मोठ्या आवाजावर, कारण दुसरं बटण त्याला सापडत नसे.

"आई गेली तेव्हा वय एकोणसत्तर ना?"

"बहात्तर."

"नाही गं. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान."

"एका वर्षानं मोठी, बाबा." फिलिपा हसत होती की रडत होती, ते फोनवरून कळेना. "लग्नाच्या नोंदवहीत तिनं तीन वर्षं कमी लिहिली होती. तिच्या खाली सही कुणाची आहे?"

सही नॉर्मनचीच होती. पंचेचाळीस वर्षं तो दर भांडणात म्हणत आला होता, "तू लहान आहेस, तुला काय कळणार!" आणि प्रत्येक वेळी थेल्मा गप्प बसून चहा ओतायची.

"तू लिंकनला जायला लागलास तेव्हा मला वाटलं, आता आईचं बिंग फुटणार," फिलिपा म्हणत होती. "जन्माचा दाखला, लग्नाची नोंद. जवळच्या माणसापासून सुरुवात करायची असते ना? अकरा महिने तू तिच्या सगळ्या खानदानाची वयं तपासलीस. तिचं नाही तपासलंस?"

ड्रिंग एकदम वळून भोपळ्याची पानं निरखायला लागले. पाद्रीणबाई पेन उचलून थांबल्या होत्या.

"तिचं कशाला तपासायचं?" नॉर्मन म्हणाला. "ती तर घरातच होती."