पूर्ण खेळली ना?

आमच्या क्लिनिकमधले एक्स-रे टेक्निशियन हमीदभाई टेनिसची मॅच स्वतःचं उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरून बघतात. बघतात म्हणजे तरी काय, फोनवर नुसते आकडे बदलत असतात. चित्र नाही, आवाज नाही. पण हा माणूस पापणी न लववता त्या आकड्यांकडे टक लावून बसतो आणि मधेच ताडकन उभा राहतो. कारण काय, तर 'पोरगी सर्व्हिस करतेय.'

ही पोरगी म्हणजे सायुरी. जपानची, वय एकवीस, व्यवसायानं टेनिस खेळाडू. तिचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार आणि त्यात तुमची काही चूक नाही. ती खेळते त्या गावांची नावं जगाच्या नकाशावर शोधावी लागतात. बघायला बारा माणसं असली तर त्यातली सहा समोरच्या मुलीचे नातेवाईक. पण हमीदभाईंना तिच्या बुटांचा रंग कधी बदलला तेही ठाऊक.

हमीदभाई मूळचे हर्णैचे. वय अठ्ठावन्न, कुवेतमध्ये तीस वर्षं. बायको गावाला, मुलं आपापल्या मार्गाला लागलेली. आयुष्यात त्यांनी रॅकेट हातात धरलेली नाही. मी एकदा विचारलं, "हमीदभाई, ड्यूस म्हणजे नक्की काय हो?"

"तें मला काय माहीत गो? चाळीस-चाळीस झाले की कायतरी लफडा होतो, येवढा कळतो."

ते आणि मी, दोघंही राहायला रिग्गईला. क्लिनिक तिथून दूर, फिंतासला. मी तिथे नर्स आहे आणि जाते-येते हमीदभाईंच्या गाडीतून. म्हणजे सकाळी चाळीस मिनिटं सायुरी, संध्याकाळी चाळीस मिनिटं सायुरी. "पोरीला नवीन कोच मिळालाय. बाई हाय. बरं झालं," असं ते सांगायचे, आणि मी खिडकीतून बाहेर बघत "हो का?" म्हणायचे. नवऱ्याला इतक्या वेळा "हो का?" म्हटलं असतं तर माझा संसार अधिक सुखाचा झाला असता.

सगळ्यात मोठी गंमत म्हणजे पोरगी हरली तरी हे बकलावा, ही इथली सुक्या मेव्याची मिठाई, वाटायचे. एकदा ती सहा-एक, सहा-शून्य अशी सपाटून हरली. दुसऱ्या दिवशी हमीदभाई किलोभराचा बॉक्स घेऊन हजर. रिसेप्शनवरच्या बीनानं हिंदीत विचारलं, "जीत गयी?"

"नहीं, हार गयी."

"फिर मिठाई?"

"पूरा खेली ना!"

मॅच संपली की त्यांचा पहिला प्रश्न हाच. जिंकली का, हरली का, ते नंतर. आधी, पूर्ण खेळली ना? एकदा समोरच्या मुलीचा पाय मुरगळला, तिनं मॅच अर्ध्यात सोडली आणि सायुरी जिंकली. त्या दिवशी हमीदभाईंनी बकलाव्याचा बॉक्स उघडलाच नाही. "त्या दुसऱ्या पोरीला काय झालं असंल?" असं सारखं म्हणत होते.

आता माझ्याबद्दल सांगते, सांगायला लाज वाटते तरी. मला नकला चांगल्या जमतात, असं सांगून सांगून लोकांनी मला लहानपणापासून बिघडवून ठेवलंय. गेल्या डिसेंबरात क्लिनिकच्या पार्टीत मी हमीदभाईंची नक्कल केली. मनगट धरलं, डोळे वटारले, ताडकन उभी राहिले, कागदी प्लेटमधला केक त्याच्याकडे न बघता नुसताच चघळला आणि "पूर्ण खेळली ना?" म्हणत सगळ्यांना रिकामा बॉक्स फिरवला. माणसं हसून लोळायची बाकी राहिली. सगळ्यात जास्त हमीदभाई हसले. नंतर जवळ येऊन हळूच म्हणाले, "मनगट मी जरा वरती धरतो. बाकी सगळं बरोबर."

मला तो विनोद वाटला होता.

गेल्या महिन्यात सायुरी पहिल्यांदाच एका बड्या स्पर्धेत पोचली आणि तिची मॅच चक्क टीव्हीवर आली. दुपारच्या जेवणाची वेळ होती. हमीदभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आम्ही सगळे स्टाफरूममध्ये डबे घेऊन बसलो. मुलगी दिसायला अगदीच लहानखुरी, बघून वाटेना हिच्या हातून चेंडू जाळीपलीकडे जाईल. उजव्या मनगटावर पांढरी पट्टी.

दुसऱ्या सेटमध्ये समालोचक तिची कहाणी सांगू लागला. अठरा वर्षांची असताना ही कुवेतमध्ये सराव करताना हातावर पडली. मनगटाचं हाड चिरलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तशीच दोन आठवडे खेळली. शेवटी एक मॅच रडत अर्ध्यात सोडावी लागली. मग ऑपरेशन, आणि दीड वर्ष खेळ बंद. क्रमवारीतून नावच गेलं. पुन्हा अगदी तळापासून सुरुवात.

"कुवेत!" बीनानं टाळी वाजवली.

"काय हो हमीदभाई," मी म्हटलं, "तुमची सायुरी इथं येऊन गेली आणि तुम्हाला पत्ताच नाही!"

हमीदभाईंनी रिमोट उचलून आवाज बारीक केला. सायुरी हरली. पूर्ण खेळली. पण दुसऱ्या दिवशी बकलावा आला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना रस्त्यावर गाड्या ठप्प होत्या. हमीदभाई सायुरीचं नाव काढत नव्हते.

"हमीदभाई, तिच्या मनगटाचा एक्स-रे फोटो कुठं काढला होता?"

"पेशंटचं बाहेर बोलायचं नसतं."

"मी काय बाहेरची आहे?"

पुढची गाडी सरकली, तशी त्यांनीही आपली थोडी पुढे घेतली. मग म्हणाले, "आपल्याकडं. मीच काढला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन वर्षांपूर्वीचे रमझानचे दिवस. पोरगी एकटीच आत आली, कोच बाहेर फोनवर. डॉक्टरांनी दोन फोटो लिहून दिले होते, ते हमीदभाईंनी काढले. दोन्हीत काही दिसत नव्हतं. पण हात नीट ठेवताना अंगठ्याच्या बुडाशी बोट लागलं आणि ती कळवळली. मनगट वाकवून आणखी एक फोटो घ्यायला हवा, हे तीस वर्षांच्या अनुभवानं त्यांना कळलं. पण डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय टेक्निशियनला फोटो काढता येत नाही. म्हणून त्यांनी ड्यूटीवरच्या सिस्टरला डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

"सिस्टर म्हणाली, दोन फोटोत काय नाय ना, मंग सोडा आता. इफ्तारला थोडाच वेळ हाय, डॉक्टर चावी हातात घेऊन उभे हायत. घाईत होती ती. तिची काय चूक नाय. मीच उठून जायला पायजे होतं. पण माझा रोजा, घसा सुकलेला. मी पण म्हटलं, जाऊ दे. पोरीनं मला हातानं विचारलं, बरं हाय ना? मी नुसता दाराकडं बोट केला नि म्हटलं, डॉक्टर, डॉक्टर."

"कोण सिस्टर?" मी विचारलं.

"काय माहीत. नाव आठवत नाय आता."

सायुरीच्या बुटांचा रंग लक्षात ठेवणारा माणूस हा. संध्याकाळच्या पाळीला तेव्हा नर्स एकच असायची.

मला ती मुलगी आठवेना. खरं सांगते, आजही आठवत नाही. आठवली ती डाळ. त्या दिवशी माझ्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. सकाळपासून हरभऱ्याची डाळ भिजत घातली होती, बऱ्याच हिंडल्यावर कैरी मिळाली होती. अकरा बायका यायच्या होत्या आणि मला घरी पोचायची घाई होती. हमीदभाईंनीच मला सोडलं होतं. रोजा त्यांनी वाटेत सिग्नलला, एक खजूर तोंडात टाकून सोडला होता. बायकांनी डाळीचं भरभरून कौतुक केलं. इतकं सगळं लख्ख आठवतं, आणि एक पोर दुखरा हात घेऊन माझ्यासमोरून गेली, तिचा चेहरा नाही.

"हमीदभाई, ती मीच."

"गप गो."

"मीच होते ना?"

त्यांनी समोर बघतच गियर बदलला. "दुसऱ्या दिवशी तू माझ्यासाठी डबा आणला होतास डाळीचा. रोजा सोडताना खाल्ला. चांगली झाली होती."

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर मला सोसल्या असत्या. या डाळीच्या कौतुकानं मान वर करता येईना. भर पार्टीत मी ज्या मनगटाची नक्कल केली, ते कुणाचं होतं हे त्यांना माहीत होतं. ते कुणामुळे, तेही. आणि तरी ते हसले होते. मला तर गाडीतून उतरून चालत जावंसं वाटत होतं.

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय झालं असतं? दोघं मनगट धरून बसलो असतो."

पुढच्या रविवारी सायुरीची मॅच होती, पुन्हा तशाच कुठल्याशा गावात, नुसत्या आकड्यांची. मी खुर्ची ओढून हमीदभाईंच्या शेजारी बसले. हातांचं काय करावं कळेना. मनगट धरायची हिंमत झाली नाही. तो त्यांचा हक्क, तीन वर्षं त्यांनी ते एकट्यानं निभावलंय. ते उभे राहिले की मीही उभी राहत होते, एवढंच. बीना दारातून बघून हसली, तिला वाटलं मी पुन्हा नक्कल करतेय.

शेवटचा आकडा बदलला. मला काय ते समजलं नाही.

"पूर्ण खेळली ना?" मी विचारलं.

"खेळली. हरली, पण खेळली," हमीदभाई म्हणाले. खालच्या ड्रॉवरमधून त्यांनी बकलाव्याचा बॉक्स काढला आणि माझ्या हातात दिला. "जा, आज तू वाट."

मी रिसेप्शनवर गेले. बीनानं विचारलं, "जीत गयी?"

"हार गयी," मी म्हटलं आणि बॉक्स पुढे केला.