विचुंबेकर भगवानशेठ यांनी लिनक्स सर केला त्याची हकीकत

श्रोते सज्जनी स्वस्थ बसावे, सुपारी कातरावी, आणि हसू आलेच तर पदराआड हसावे; कारण ज्या थोर पुरुषाची ही हकीकत, ते राजमान्य राजेश्री भगवानशेठ, मौजे विचुंबे, प्रांत पनवेल, सांप्रत हयात आहेत आणि त्यांस राग फार लवकर येतो. शेठ म्हणजे मातबर असामी. वाडवडिलांची भातशेती इमारतींखाली गेली, तिचा मोबदला घरी आला, आणि मग आपल्याला सगळेच कळते ऐसा शेठना दृष्टान्त जाहला.

लढाईचे कारण ऐसे की, घरच्या संगणकाने एके दिवशी पडद्यावर फर्मान काढिले, की हे यंत्र जुने जाहले, नवी विंडोज यास पेलणार नाही, सबब दुसरे घ्यावे. शेठ तसली दहा घेते. परंतु आपल्या घरच्या वस्तूस परक्याने जुनी म्हणावे हे सोसेना, आणि मग खांदा कॉलनीचे मुत्सद्दी दीनानाथपंत यांची मसलत घेतली. पंतांनी लिनक्स म्हणोन नवा अंमल सुचविला, फुकट आणि बिनकटकटीचा, आणि विद्वान लोक हाच वापरतात ऐसे वर सांगितले. हे शेवटचे शेठच्या डोक्यात गेले. मग पंतांनी एका बैठकीत विंडोजला गादीवरोन उतरविले, लिनक्सला बसविले, जुना ऐवज एका फोल्डरात जपोन ठेविला, आणि आपण सहकुटुंब नाशकास कूच केले. शहाणा माणूस, वेळेत निसटला.

आता त्या ऐवजात काय होते ते ऐका. शेठच्या मातोश्री कैलासवासी सखूबाई या पंचक्रोशीच्या धवलारीण. लग्नाचे धवले गाण्याचा मान त्यांचा, आणि त्यांच्या आवाजाशिवाय कोणाच्या पोरीस हळद लागत नसे. जाण्यापूर्वी त्यांनी नातीच्या हळदीचा धवला आगाऊ गाऊन ठेविला, शेठनीच तो त्यांस समोर बसवोन या यंत्रात भरला, आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. कन्या निशा हिची हळद तोंडावर आलेली. तिने निक्षून सांगितले, की आजीचा आवाज नाय तर मी पाटावर बसनार नाय. शेठच्या पत्नी मालूबाई म्हणाल्या, "आवं, ता गाना आदी मोबाईलमदी घ्या, मंग त्या लिनक्सशी काय ती कुस्ती खेला." यावर शेठ संतापले आणि मोबाईलात घेणे म्हणजे तह करणे, आणि आमच्या घराण्यात तह कोणी केला नाही, ऐसा जबाब दिला. घराण्यात लढाई तरी कोणी केली होती, हे विचारण्याची हिंमत कोणास जाहली नाही.

पहिली लढाई पासवर्डाची. गाणे वाजविणारे साधन यंत्रात घालावे, तर काळ्या खिडकीने पासवर्ड मागितला, आणि शेठनी बोटे आपटोन तो लिहिला, आणि पाहतात तो पडद्यावर अक्षर नाही, टिंब नाही! लिनक्स पासवर्ड घेतो पण दाखवीत नाही, एवढीच गोष्ट. परंतु शेठनी निदान केले की कीबोर्ड मेला. मग पनवेलच्या बाजारातून दुसरा आणविला, तोही मेला. मग तिसरा आणविला, त्यास हळदकुंकू वाहिले, नारळ फोडिला, नारळाचे पाणी आत गेले, आणि हा मात्र खरोखरीच मेला. मग पुन्हा दुसरा जोडोन, पासवर्ड लिहोन, शेठ कपाळास हात लावोन बसले असता मालूबाई सांडलेले पाणी पुसावयास आल्या, फडके एंटरवर पडले, आणि गड उघडला. शेठनी चौकात सांगितले की युक्तीने घेतला.

दुसरी लढाई आवाजाची, आणि ती ऐन हळदीच्या दिवशी. गाणे उघडे, पट्टी पुढे सरके, आवाज म्हणोन नाही. खाली मांडवात मोठे स्पीकर लागले, बायका जमल्या, हळद वाटोन तयार, आणि निशा पाटाशेजारी अडोन उभी. शेठनी माडीवरच्या खोलीस आतून कडी घातली, कान झाकणारे हेडफोन चढविले, वायरी उपसल्या, वायरी खुपसल्या, इंटरनेटवरच्या अनोळखी इसमांचे हुकूम अर्थ न कळता उतरविले, आणि अखेर ब्लूटूथ उघडोन जे नाव दिसेल ते जोडावयाचा सपाटा लाविला. मग गाणे लाविले. शांत. पुन्हा पहिल्यापासून लाविले. शांत. ऐसे कितीदा केले त्यास गणती नाही. दार कोणी ठोठाविले तेही कळले नाही, कारण कानांवर झाकण पक्के होते. अकलेवर तर पूर्वीपासूनच होते.

मग शेठना प्रथमच भय वाटले. आईचा आवाज आपल्याच हाताने घालविला, आता पोरीस कोणते तोंड दाखवावे, ऐसे मनात येऊन ते रडू लागले. ते रडणे खरे होते, आणि त्यास हसण्याची बखरकाराची छाती नाही.

शरण जावे ऐसा निश्चय करोन, धवला तसाच चालू टाकोन, शेठनी हेडफोन काढिले, कडी काढिली, तो खालून साक्षात सखूबाईंचा आवाज! ब्लूटूथ मांडवातल्या स्पीकरांशी जाऊन मिळाले होते. शेठनी वर गाणे पहिल्यापासून लावावे, की खाली बायकांनी हळद पहिल्यापासून लावावी. त्यायोगे निशा नखशिखान्त लिंपली गेली होती आणि डोळे तेवढे दिसत होते. मालूबाई कडाडल्या, "आवं, किती येला त्याच त्याच लावताव? पोरगी वलखू येत नाय!"

शेठनी तत्क्षणी छाती काढिली आणि ही सगळी आपलीच तजवीज, ऐसे जाहीर करावयास तोंड उघडले. परंतु माडीवर बटण दाबावयास कोणी नव्हते, सबब धवला प्रथमच शेवटास गेला, आणि गाणे सरल्यावर सखूबाई दमल्या आवाजात बोलिल्या, "झाला रं भगवान. आता हात नको लावू बाला, बिगरंल."

मांडव हसला. निशा हसता हसता रडली. शेठ जिन्याच्या पायरीवर बसले आणि उपरणे तोंडास लावोन लहान पोरासारखे रडले.

येणेप्रमाणे हळद यथासांग लागली, लिनक्स सर जाहला, आणि फत्ते भगवानशेठ यांचे नावे दाखल केली. मातोश्रींचा हुकूम शेठनी शिरसावंद्य मानिला, आणि त्या दिवशी यंत्रास पुन्हा हात लाविला नाही.