दारातला खांब

केसरीनाथ पाटलांचं दापोड्यातलं गोदाम दिवाळीपासून रिकामं पडलं होतं. ते भाड्याने जावं म्हणून केसरीनाथ एकच प्रयत्न करत होते, तो म्हणजे दारात खुर्ची टाकून बसत होते. गावात गोदामाचा मालक ओळखायचा तो असाच: कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटांत अंगठ्या आणि जाणाऱ्यायेणाऱ्याचा नमस्कार मिळेल अशी जागा. याला काम म्हणायला त्यांच्या बायकोची, विनिताबाईंची, जीभ वळत नसे.

अखेर एक कंपनी तयार झाली. अट एवढीच, की आधी गोदामाची लेझरने मोजणी व्हावी. त्यासाठी भिवंडीतून सुयश कर्णिक आला. तिपाईवरचं त्याचं यंत्र गरगर फिरायचं आणि किरण जिथे आपटेल तिथे एक ठिपका नोंदवायचं. असे कोट्यवधी ठिपके जमले, की त्यांतली भिंत कुठली आणि खांब कुठला हे त्याचा कॉम्प्युटर ठरवणार होता. सुयश हे अशा थाटात सांगत होता, जणू गोदाम बांधणाऱ्या गवंड्याला ते ठाऊकच नसावं.

"काका, तुम्ही जरा बाहेर थांबा," तो म्हणाला. "मशीन मी चार जागी लावणार. मधे जे हलतं ते प्रोग्रॅम पुसून टाकतो. कबूतर, कुत्रा, माणूस, सगळं."

"मना पुसनार? माझेच गोदामान?" केसरीनाथ उखडले. "मी हालतच न्हाय. बघतो कसा पुसतंस!"

"अवो, उठा ना. काम करू द्या त्याला," विनिताबाई म्हणाल्या.

केसरीनाथ शटरच्या मधोमध बसले ते बसलेच. मान ताठ, हात मांड्यांवर. नाकावर माशी बसली तरी हात उचलला नाही. घरी पंख्याचं बटण दाबायलाही न उठणाऱ्या माणसाला यात कसले कष्ट? सुयशची नजर स्क्रीनवर होती. जिवंत माणसाकडे बघणं त्याला कमीपणाचं वाटत असावं.

आठवड्याने कंपनीच्या कुणालचा फोन आला. "मॅडम, शटरच्या बरोबर मधे खांब आहे. आमचा ट्रक कसा लागणार? नाही जमणार, सॉरी."

आलेलं गिऱ्हाईक चाललं होतं, तेही नसलेल्या खांबापायी. विनिताबाईंनी सुयशला बोलावून घेतलं.

"काकू, प्रोग्रॅम चुकत नाही," लॅपटॉप उघडत तो म्हणाला. "जमिनीला टेकलंय, उभट आहे, चारही वेळा त्याच जागी सापडलंय. म्हणजे खांबच. जरा बुटका आहे, एवढंच."

"अरे, दारान जाऊन बघ ना!"

"बघायचंय काय? डेटा आहे ना."

त्याने स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला. भिंती निळ्या ठिपक्यांच्या, खांब लाल. विनिताबाईंनी चष्मा लावला आणि दारातला तो लाल खांब नीट न्याहाळला.

"याला ढेरी हाय," त्या म्हणाल्या. "आन् कानपन हायेत."

सुयशचा चेहरा पडला. मोजणी पुन्हा करायला तो तयार झाला. या खेपेला विनिताबाईंनी नवऱ्याला असं काही फैलावर घेतलं, की ते यंत्राभोवती सूचना देत सारखे फिरत राहिले. प्रोग्रॅमने त्यांना साफ पुसलं. नव्या रिपोर्टात आपण कुठेच नाही हे कळल्यावर त्यांनी खुर्ची पुन्हा शटरच्या मधोमध नेऊन ठेवली. करारावर मात्र सह्या झाल्या.

पहिला ट्रक आला, मागे मागे येत शटरपाशी थांबला आणि हॉर्न वाजवत राहिला. केसरीनाथ खुर्चीसकट मधोमध हजर होते.

"सेठ, कुर्सी हटाओ!" ड्रायव्हर ओरडला.

"मालिक हूं मैं. बाजूसे लेके जाव!"

ट्रक म्हणजे काय सायकल होती? ट्रकबरोबर आलेल्या कुणालने चिडून सुयशला फोन लावला. "तुमचा नवा रिपोर्ट साफ चुकीचा आहे!"

"मी तेव्हाच सांगितलं होतं, प्रोग्रॅम चुकत नाही," सुयश पलीकडून तोऱ्यात म्हणाला. "जुना रिपोर्ट पाठवू?"

कुणाल विनिताबाईंकडे वळला. "मॅडम, ट्रक लागला नाही तर करार रद्द. दारातलं हे हलवता येईल का?"

"खुशाल तोडा," विनिताबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "त्या खांबावर काय छप्पर टेकलेला न्हाय. ना हितला, ना घरचा."

खांब ताडकन उठला, खुर्ची उचलून तरातरा चालू लागला, आणि ट्रक आत लागला.