अकरमचे पॉइंट आणि माझी जीभ

"वो लोग बाहर के हैं, फरहा. फोन करके पूछताछ करेंगे. अकरम उनको जम गया, तो अगले साल..."

शेजारच्या जाहिदाबाई लेकीला आपल्या पोराचं, अकरमचं सांगत होत्या, आणि त्यांच्या कुकरने शिट्टी दिली. मी भिंतीच्या अलीकडे स्टुलावर उभा होतो. (दोडक्याच्या वेलाला पाणी घालत होतो. वेल वाळून दोन महिने झाले, ती गोष्ट वेगळी.) पुढचं ऐकू आलं नाही. घरात जाईपर्यंत ते मीच पूर्ण केलं.

"वच्छला, शेजारच्या अकरमले बाहेरचं स्थळ आलं!"

"येऊ द्या ना. तुमी चक्की चालवा," बायको म्हणाली.

बल्लारपुरात आमची पिठाची चक्की. अकरम वेल्डर. चक्कीचं शटर, जाळी, सगळं त्याच्या हातचं.

आमच्याकडे स्थळाची चौकशी आली की शेजाऱ्याने पोराचं वय थोडं कमी आणि थाट थोडा जास्त सांगायचा, हा धर्म आहे. तीन दिवसांनी दिल्लीहून एका बाईंचा फोन आला, तेव्हा मी चक्की बंद करून धर्माला जागलो.

"अकरम खुद वेल्डिंग करता है?"

"अजी नही मॅडम! मालक आदमी है. खुर्ची पे बैठता है. हाथ काला करने को दो नोकर है." (नोकर एकही नाही. खुर्चीही नाही.)

"दुकान कितने साल से है?"

जास्त सांगावं तर पोरगा थोराड वाटायचा. "अभी अभी. एक साल."

"पक्का?"

"मॅडम, दाढी भी अभी आयी है!"

मी धावत शेजारी गेलो. "बाई, पेढे काढा! पोराले मालक करून टाकला!"

सगळं ऐकून जाहिदाबाई पायरीवरच बसल्या. अकरम बाहेर आला.

"लटारूभाऊ, तो फोन कॅनडाच्या व्हिसावाल्यायचा होता. कारागीर म्हणून जाऊन राह्यलो. वयाचे, इंग्रजीचे, अनुभवाचे पॉइंट असतेत. माहे बरोबर काठावर आहेत. सहा वर्षं सोताच्या हातानं वेल्डिंग केली, याचे साक्षीदार तुमी. सही केली नाई का तुमी?"

केली होती. कागद इंग्रजीत होता, म्हणून वाचल्यासारखी मान हलवून केली होती. (मी सातवी पास.)

"पण मले सांगाचं ना बापा!"

"तुमाले सांगतलं असतं त राजुऱ्यापर्यंत गेलं असतं."

(खरं होतं. स्थळाची बातमी तोवर गोंडपिपरीला पोचली होती.)

पोरगा तीन वर्षं रोज संध्याकाळी दुकान बंद करून इंग्रजीच्या क्लासला जात होता, आणि मी दोन मिनिटांत त्याचं कॅनडा बुडवलं होतं. लगेच तोच नंबर लावला.

"मॅडम, मैं झूठ बोला. मुझे लगा, शादी की बात है."

"शादी में कारीगरी छुपाते हैं?"

"हाथ काले हो तो छुपाते है, मॅडम."

"व्हिडिओ लगाइए."

लावला. अकरमचे भाजल्याच्या डागांचे हात दाखवले, भोकं पडलेला शर्ट दाखवला. वच्छलाने पिठाच्या डब्याखालून आमच्या शटरचं सहा वर्षांपूर्वीचं बिल काढलं, तेही दाखवलं. बाई अखेर हसल्या.

"मेरे मोहल्ले में भी ऐसे एक अंकल हैं."

दीड महिन्याने अकरमचे पॉइंट जमले. हवे तेवढेच, एकही जास्त नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

माझी बातमी तरी कुठे अगदीच खोटी होती? कॅनडाचं कळताच अकरमला खरंच स्थळं येऊ लागली. फक्त चौकशीसाठी जाहिदाबाईंनी नंबर दिला तो समोरच्या मनकर्णाबाईंचा, ज्यांच्याशी त्यांचं दोन वर्षांपासून बोलणं बंद आहे.