पृथ्वीगोल, एक नग

हिंगणमळ्याच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एकमेव शिक्षिका ज्ञानेश्वरी लगड यांची मालदीवमधल्या एका शाळेत गणित शिकवण्यासाठी निवड झाली, तेव्हा आमच्या सगळ्या तालुक्याला आनंद झाला. निदान तसे सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर कळवले. ग्रामपंचायतीने वेशीवर फ्लेक्स लावला. त्यात विमान लहान, बाई मध्यम आणि सरपंच मोठे होते. जिल्ह्याहून 'परदेशगमनासाठी दोन वर्षांची बिनपगारी रजा' अशी मंजुरीही आली. रविवारी मुंबईहून विमान होते. सोमवारी तिकडे हजर झाल्या नाहीत तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. आता फक्त तालुक्याच्या कार्यालयातून कार्यमुक्तीचा कागद घ्यायचा बाकी होता.

कार्यमुक्त व्हायचे तर आधी चार्ज द्यावा लागतो. म्हणजे शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात लिहिलेली प्रत्येक वस्तू जागेवर आणि धडधाकट आहे, हे दाखवून द्यावे लागते. हे तपासायला कार्यालयाने एका सदस्याची समिती नेमली. तो सदस्य मी. माझे नाव कल्याण, शेजारच्या वस्तीवरच्या शाळेचा मुख्याध्यापक. माझी निवड उगाच झाली नाही. माझ्या शाळेत सतरा वर्षांत एकही वस्तू फुटलेली, हरवलेली किंवा वापरलेली नाही. विज्ञानपेटीचे सील शाबूत आहे. तराजू खोक्यात आहे. पृथ्वीगोल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या करगोट्याला. पंधरा ऑगस्टला मी कपाट उघडतो आणि मुले रांगेने येऊन पिशवी पाहून जातात.

मंगळवारी मी हिंगणमळ्याला पोचलो आणि दारातच मला धक्का बसला. पृथ्वीगोल चक्क खिडकीत, उघड्यावर ठेवलेला होता. पहिलीची दोन मुले तो गरगरा फिरवत होती आणि बाई समोर उभ्या राहून हसत होत्या.

"मॅडम, हे काय चाललंय?" मी विचारले.

"भूगोल, सर," त्या म्हणाल्या.

मी गोल ताब्यात घेतला, चष्मा लावला आणि तपासणीला लागलो. अमेरिका होती. आफ्रिका होती. रशिया तर सांगायलाच नको, भरपूर होता. पण जिथे भारत असायला हवा तिथे रुपयाएवढा पांढरा डाग होता आणि आतला पुठ्ठा दिसत होता.

"देश कुठं गेला?"

"झिजला, सर. अकरा वर्षं झाली. शाळेत येणारं प्रत्येक पोर पहिल्या दिवशी तिथं बोट ठेवतं, आपण इथं राहतो म्हणून. आणि दिवाळीनंतर तर रोजच. अर्ध्या पोरांचे आईबाप ऊसतोडीला जातात. पोरं रडायला लागली की मी त्यांना गोलावर दाखवते. हे आपलं गाव आणि हा आईचा कारखाना. दोन्ही एकाच नखाखाली मावतात. मग गप्प होतात बिचारी."

खिचडी शिजवणाऱ्या झुंबरबाई पदराला हात पुसत दारात आल्या होत्या. "म्या बी ठिवते की बोट," त्या म्हणाल्या. "माजा ल्योक वैजनाथ जातोय ना कोयता घिऊन. भांडी घासून झाली की येकदा बगून येते त्याला."

मला क्षणभर भरून आले. पण मी समिती होतो. मी अहवालात लिहिले: 'पृथ्वीगोल, एक नग. स्टँड: उत्तम. फिरणे: समाधानकारक. भारत: गहाळ. श्रीलंका: अंशतः. अरबी समुद्र: खरवडलेला.'

बुधवारी हा अहवाल कार्यालयातले मोठे कारकून आबासाहेब यांनी बाईंना आणि मला समोर बसवून दोनदा वाचला. आबासाहेब तसे मनाने चांगले आहेत. त्यांच्या टेबलावरून कागद हलत नाही, पण चहा न पाजता ते कोणाला परत पाठवत नाहीत. त्यांनी तीन चहा सांगितले आणि बाईंकडे पाहिले.

"मॅडम, खुर्ची हरवली असती तर म्या समजून घेतलं असतं. तुमी देश हरवून बसलात. आन् वरून परदेशी निघालात. लोक काय म्हन्तील?"

"हरवला नाही हो भाऊसाहेब. मुलांनी हात लावून झिजला."

"हात लावायची परवानगी घेतली हुती का?"

"गोल मुलांसाठीच असतो ना?"

"मुलांसाठी असतो, मुलांजवळ नसतो," आबासाहेब शांतपणे म्हणाले. "ह्ये कल्याण सर बघा. ह्यांचा गोल जसा आला तसा हाय. आजपातुर एकाबी देशाची तक्रार न्हाई."

मी मान खाली घातली. स्तुती समोरासमोर ऐकायची मला सवय नाही.

बाई म्हणाल्या, "नगरला जाऊन मी आजच्या आज नवा गोल आणते. माझ्या खर्चानं."

"नव्यावर आपला नंबर कुठाय? जुन्याच्या स्टँडवर रंगानं नंबर घातलाय, जि. प. प्रा. शाळा हिंगणमळा सतरा. नंबर नसलेली पृथ्वी म्या जमा करून घेतली तर उद्या ऑडिटवाला इचारंल, ही कुनाची?"

"मग जुना मोडीत काढा."

"त्याचा प्रस्ताव जिल्ह्याला जातो. तिथं समिती हाय. वर्षातून एकदा बसती, मार्चमध्ये. औंदाची बसून उठली."

"भाऊसाहेब, रविवारी माझं विमान आहे!"

"म्हनून तर तुमाला पत्र देतो. काम अडवायचं न्हाईच आमाला." त्यांनी तिथल्या तिथे पत्र टाईप करून दिले. 'आपल्या ताब्यातील भारत देश शुक्रवारी कार्यालयीन वेळ संपण्यापूर्वी पूर्ववत करून जमा करावा. अन्यथा आपण सदर देश स्वतःसोबत नेत आहात असे गृहीत धरण्यात येईल.' शनिवार-रविवार कार्यालय बंद, तेव्हा शुक्रवार हा शेवटचा दिवस होता.

गुरुवारी बाईंनी अमृत पेंटरला गाठले. अमृत उसाच्या ट्रॉल्या रंगवतो. पंचक्रोशीतल्या प्रत्येक ट्रॉलीमागचे मोर, कमळे आणि मालकाच्या मुलांची नावे त्याचीच. देश त्याने आधी कधी काढला नव्हता, पण नाही म्हणणे त्याच्या स्वभावात नाही. बाईंनी चौथीच्या पुस्तकातला नकाशा त्याच्यापुढे धरला. त्याने तो एक डोळा मिटून पाहिला आणि डबा उघडला.

"येवढुसा कशाला काडायचा, मॅडम?" तो म्हणाला. "आपलाच देश हाय. जरा ऐसपैस काडू."

हिरवा ऑइलपेंट ट्रॉलीचा उरलेला होता, जरा पातळ होता. भारत पश्चिमेला ओघळला तो अरबस्तानच्या पायथ्याशी थांबला. पूर्वेला ब्रह्मदेशाचे काही राहिले नाही. खाली श्रीलंका बुडाली आणि तिच्यापुढेही चार बोटे हिरवळ गेली. कडेने पिवळी किनार मारून दोन गोंडे सोडले आणि खाली, हाताला वळणच पडलेले, 'आईचा आशीर्वाद' असेही लिहून टाकले. तेवढे पुसायला बाई धावल्या, तर अमृत म्हणाला, ओल्यावर हात लावू नका, देश बिघडंल.

शुक्रवारी दुपारी बाई, मी आणि झुंबरबाई कार्यालयात हजर झालो. रंग अजून ओला असल्यामुळे झुंबरबाईंनी गोल सगळा रस्ता टमटममध्ये मांडीवर, तान्हे मूल धरावे तसा धरला होता. त्यांच्या लुगड्याला हिरवा डाग लागला. तो सरकारी रंग नसल्यामुळे मी नोंदवला नाही.

आबासाहेबांनी पट्टी घेऊन गोल मोजला. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "वाढला की व्हो."

बाईंचा चेहरा उतरला.

"घाबरू नका. तूट आली तर चौकशी लागती. वाढ आली तर आमी अभिनंदन करतो." त्यांनी 'देश जमा. स्थिती: सुधारित' असा शेरा मारला आणि कार्यमुक्तीचा छापील फॉर्म बाहेर काढला. शिक्का शाईत बुडवला. बाईंनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. मला वाटते आम्ही सगळ्यांनीच सोडला.

"येवढा एक रकाना भरू," आबासाहेब म्हणाले. "जाण्याचा देश?"

"मालदीव."

"दावा बरं गोलावर. डोळ्यानं बघितल्याशिवाय भरीत न्हाई म्या काई."

बाईंनी सवयीने बोट नेले आणि ते अर्ध्या वाटेत थबकले. मग सावकाश खाली टेकले. बोट हिरव्या रंगावर होते. पिवळ्या किनारीच्या चांगले आत.

आबासाहेबांनी शिक्का परत डबीवर ठेवला. "ह्ये तर आपल्यातच हाय!"

"रंग सांडलाय, भाऊसाहेब! खाली आहे तो देश. समुद्रात लहान लहान बेटं आहेत."

"कल्याण सर, तुमी समिती. काय दिसतंय तुमाला?"

मी वाकून पाहिले. खोटे बोलायची मला सवय नाही. "हिरवं दिसतंय," मी म्हणालो.

"झालं तर. मंजुरी आलीये परदेशगमनाची. आन् तुमी निघालाय देशातल्या देशात. म्हंजी ही मंजुरी रद्द. तुमची केस आता बदलीची. बदलीचं पोर्टल मे महिन्यात उघडतं."

बाईंनी पर्समधून विमानाचे तिकीट काढून टेबलावर आपटले. "हे बघा! हे काय पुण्याचं एसटीचं तिकीट आहे?"

"तिकीट खाजगी कंपनीचं हाय, मॅडम," आबासाहेब खरोखर कळवळून म्हणाले. "गोल सरकारी हाय. म्या कुनाचं ऐकू?"

मग बाई खुर्चीत बसल्या आणि रडल्या. अकरा वर्षांत त्यांनी जनगणना केली होती, मतदारयाद्या केल्या होत्या, शौचालये मोजली होती आणि उरलेल्या वेळात पोरांना शिकवलेही होते. आता एका गोलापायी सगळे चालले होते. मला फार वाईट वाटले. पण चौकशीच्या प्रपत्रात वाईट वाटण्याचा रकाना नव्हता, त्यामुळे मी पंख्याकडे पाहत बसलो.

तेव्हा कोपऱ्यातून झुंबरबाई बोलल्या. "सायब, म्या अडानी हाय, येक इचारू का? बाई देशातच चालल्यात म्हन्ता ना?"

"व्हय. समोर दिसतंय की."

"मंग अडवता कशाला? माजा वैजनाथ दरसाल कर्नाटकात जातो, त्याला कुनी कागद मागत न्हाई. देशात फिरायला काय लागतंय?"

आबासाहेबांनी नियमांचे पुस्तक काढले, थुंकी लावून पाने उलटली, पुन्हा उलटली. नियमात तसे काही नव्हते. देशांतर्गत प्रवासासाठी कार्यमुक्ती लागत नाही. मंजुरी लागत नाही. फक्त किरकोळ रजेचा अर्ज लागतो.

"आठ दिवसांची टाका," ते म्हणाले. "कारन काय लिहू?"

बाईंनी डोळे पुसले. "गावाला जाणे," त्या म्हणाल्या.

शिक्का बसला. रविवारी विमान उडाले आणि सोमवारी बाई तिकडे वर्गावर हजर झाल्या.

या गोष्टीला आता सात महिने झाले. कागदोपत्री बाई अजून आठ दिवसांच्या किरकोळ रजेवर आहेत. रजेवर असल्यामुळे त्यांची जागा रिकामी नाही, आणि जागा रिकामी नसल्यामुळे हिंगणमळ्याला दुसरे कोणी शिक्षक मिळत नाही. दोन्ही शाळांचा चार्ज माझ्याकडे आहे. मी आठवड्यातून दोनदा जातो, हजेरी घेतो, वस्तू मोजतो आणि परत येतो. मोजणीत आजवर एक नगही कमी आलेला नाही.

पहिल्याच दिवशी मी गोल कार्यालयातून शाळेत परत आणला, पिशवीत घालून कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावले. मुले जरा चुळबुळली, पण मुलांना सवय होते. झुंबरबाईंना होत नाही. दिवाळीनंतर एकदा त्या म्हणाल्या, "सर, येकडाव काडा की तेवडा. वैजनाथ औंदा लई लांब गेलाय. बगून ठिवते लगीच." मी त्यांना समजावून सांगितले की रंग उडेल. त्या बराच वेळ कुलपाकडे पाहत राहिल्या. मग पुढे होऊन त्यांनी कपाटाच्या दारावरच बोट ठेवले, आत गोल जिथे आहे बरोबर त्या उंचीला. त्यांचे पाहून पहिलीची पोरेही आता जाता-येता तिथे बोट लावतात.

परवा माझ्या लक्षात आले की त्या जागेवरचा कपाटाचा रंग जायला लागला आहे. कपाट रजिस्टरात चार नंबरला आहे. मी वर कळवले आहे.

आणि तुम्ही हसू नका. वाचता वाचता जरा तुमच्या घरात नजर टाका. टीव्हीच्या रिमोटवरचे प्लास्टिक अजून तसेच आहे. चांगले कप शोकेसमध्ये आहेत आणि फुटक्या कानाच्या कपातून तुम्ही चहा पिता. पोरासाठी आणलेली रंगपेटी 'नीट वापरायला लागेल तेव्हा देऊ' म्हणून तुम्हीच माळ्यावर ठेवली, आणि पोराला आता मिशा फुटल्या. असू द्या, काही काढू नका. कपाटाच्या चौकशीला कार्यालय तीन सदस्यांची समिती नेमणार आहे. मी तुमचे नाव सुचवले आहे.