सासूबाईंना कळलेला खुनी

"जावईबापू, खून कोणी केला तेवढं सांगून टाका, म्हणजे मी मोकळी झाले," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंचं दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी महिनाभर टीव्ही बंद करायला सांगितला होता. नेमका त्यांच्या लाडक्या गुन्हेमालिकेचा शेवटचा सीझन ऐन रंगात आलेला. हॉटेलमालकाचा खून झाला होता. बायको, भागीदार, वकील, आचारी, सगळ्यांवर संशय होता.

जावईबापू त्याच मालिकेत पोस्टमॉर्टेमवाल्या डॉक्टरचं काम करत. सगळे सीझन त्यांनी प्रेतावरची चादर बाजूला करून गंभीर चेहऱ्याने मान हलवली होती. सासूबाईंनी विचारलं त्याच दिवशी दिग्दर्शक बाईंनी एकेका नटाला मेकअपच्या खोलीत बोलावून खुन्याचं नाव कानात सांगितलं होतं. "बाहेर फुटलं, तर काम गेलं म्हणून समजा!" असा दमही भरला होता. जावईबापूंनी तोंडाला कुलूप लावलं.

"आई, त्यांना कशाला विचारतेस?" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "त्यांना कोण सांगणार? ते आपले चादर उचलणारे."

हे मात्र झोंबलं. जावईबापूंनी सासूबाईंच्या कानाशी वाकून सांगितलं, "आचारी."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जेवताना मेकअपमन हळूच म्हणाला, "तुम्हाला म्हणून सांगतो. बाईंनी प्रत्येकाला वेगळं नाव सांगितलंय. जे नाव बाहेर फुटेल, त्यावरून फितूर कोण ते लगेच कळणार."

जावईबापूंनी हातातला घास परत ताटात ठेवला. म्हणजे 'आचारी' फक्त त्यांनाच ठाऊक होतं! त्यांना आणि सासूबाईंना.

काम संपताच ते धावत घरी आले. गेटवर वॉचमनने सलाम ठोकला आणि डोळा मारला. "आचारी ना, साहेब? मला पहिल्यापासूनच वाटत होतं."

वर सासूबाई एका डोळ्यावर पट्टी बांधून निवांत पडल्या होत्या.

"कोणाला सांगितलंत?"

"मी कुणाला सांगायला जाते? फक्त वन्संना फोन केला. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून आधी शपथ घातली."

"अहो, वॉचमनला ठाऊक आहे!"

"वॉचमनला मी नाही सांगितलं," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. "मी लिफ्टवाल्याला सांगितलं."

जावईबापू मटकन खाली बसले. डोळ्यांपुढे रिकामं पाकीट, शाळेची फी आणि बायकोचा चेहरा एकदमच नाचायला लागले. बायको मात्र डोक्याने थंड. ती म्हणाली, "काट्याने काटा काढायचा. आई, आत्याला परत फोन लाव. ऐकण्यात चूक झाली म्हणावं. आचारी नाही, वकील."

"अगंबाई, म्हणजे खुनी वकील आहे?"

"नाही हो!" जावईबापू ओरडले.

"मग मी खोटं बोलू? या वयात?" असं म्हणत सासूबाईंनी नंबर फिरवला आणि वकिलाने मृत्युपत्रात कशी अफरातफर केली, दुधात विष कसं कालवलं, हे इतकं रंगवून सांगितलं की जावईबापूंना हेवा वाटला. मग लिफ्टवाल्यालाही वर बोलावून घेतलं.

मात्रा फारच लागू पडली. दोन दिवसांनी पेपरात ठळक मथळा आला, 'वकीलच खुनी!'

जावईबापूंनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण चहाचा कप ओठांशी नेताना लक्षात आलं. 'वकील' हे नावसुद्धा कुणाला तरी सांगितलं असणारच की!

स्टुडिओत पोचताच मेकअपमन म्हणाला, "दादा अडकले. बाईंनी 'वकील' त्यांनाच सांगितलं होतं. आत बोलावलंय." दादा म्हणजे मालिकेतले म्हातारे इन्स्पेक्टर. जावईबापूंना या धंद्यात आणलं ते त्यांनीच. गुडघे गेलेले, हातात दुसरं काम नाही.

जावईबापूंनी बाहेर दोन फेऱ्या मारल्या. घाम पुसला. मग दार ढकलून, डोळे मिटून एका दमात बोलून टाकलं, "बाई, दादांचा काही दोष नाही! मी फोडलं!"

डोळे उघडून बघतात तर दादा रुमालाने डोळे टिपत उभे.

"दादांनी आत्ताच कबूल केलंय," बाई म्हणाल्या. "मेव्हण्याला सांगितलं म्हणून."

आता गप्प बसायला हरकत नव्हती, पण सुटलेली जीभ कुठली थांबते? जावईबापूंनी सासूबाई, वन्सं, वॉचमन, लिफ्टवाला, सगळं सांगितलं. सांगता सांगता पुन्हा घाम फुटला.

"पण तुम्हाला मी आचारी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "पेपरात वकील आहे."

"ते वकील आम्हीच मागाहून..."

"पुरे!" बाईंचेही डोळे भरून आले. "दादांना वाचवायला स्वतःच्या सासूवर आळ घेतलात? दादा, यांच्याकडे बघून तुम्हाला माफ केलं." मग त्या जावईबापूंना निरखून पाहत राहिल्या. "इतकं सराईत खोटं! आणि तेही खराखुरा घाम फोडून! मी वेडी, तुम्हाला नुसती चादर उचलायला लावत होते. शेवटच बदलते आता. खुनी तुम्ही!"

बाहेर आल्यावर दादांनी त्यांना मिठी मारली. "काय काम केलंस रे! त्यातली ती सासू तर काय झकास जमली होती. अगदी जिवंत!"

"दादा, सासू खरी आहे हो," जावईबापू रडकुंडीला येऊन म्हणाले.

"हां! हाच सूर!" दादांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "हाच सूर शेवटपर्यंत धरून ठेव."