वरून मोकळी टोपी

खरेदी करावी तर मी! हे इतर कुणी म्हणत नसल्यामुळे मलाच म्हणावं लागतं. औंधातल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत खुर्च्या, पडदे, पाण्याची पिंपं, पाहुण्यांना भेट द्यायचे गणपती, सगळं माझ्या हातून आलेलं. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण ज्या खुर्चीवर बसून लोक तो चालवतात, ती खुर्ची सुदर्शन गजभिये या माणसाने निवडलेली आहे!

त्यामुळे दोन हजार दोनच्या एप्रिलमध्ये प्रियदर्शनी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा मी निर्धास्त होतो. मॅडम म्हणजे आमच्या पुणे ऑफिसच्या प्रमुख.

"गजभिये, शुक्रवारी अमेरिकेहून लॉरा येतेय. आपलं मोठं प्रोजेक्ट तिच्या हातात आहे. तिला गोल्फ आवडतं. शनिवारी सकाळी तिच्याबरोबर आपल्या सहा मुली आणि मी मैदानावर जाणार. ऊन फार आहे. सगळ्यांसाठी चांगल्या टोप्या हव्यात. बायकांच्या. निवडाल?"

"माझ्यावर सोडा, मॅडम!"

"आणि कुणाला बोलू नका. मुलींना सरप्राईज आहे."

इथे एक सांगायला हवं. त्या वर्षी अमेरिकेत मंदी होती आणि आमच्या धंद्यात तिकडे शिंक आली की इकडे निमोनिया व्हायचा. समोरच्या इमारतीतल्या कंपनीने एका दुपारी चाळीस जणांना घरी पाठवलं होतं. आमच्याकडे चहावाला दोन मिनिटं उशिरा आला तरी लोक एकमेकांकडे बघायचे. मॅडमना हे ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. टोप्यांचा त्याच्याशी संबंध असेल असं मात्र दोघांनाही वाटलं नाही.

संध्याकाळी कॅम्पातल्या एका खेळांच्या दुकानात गेलो. मालक जयसिंग नावाचे गृहस्थ. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय?"

"बायकांच्या टोप्या. गोल्फसाठी."

त्यांनी एक वस्तू काउंटरवर टाकली. कपाळावर पट्टा, पुढे झापड आणि वर काहीच नाही! मी ती उलटसुलट करून पाहिली.

"अहो, यात डोकं कुठे आहे?"

"डोकं गिऱ्हाइकाने आणायचं असतं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"याला व्हायझर म्हणतात," ते म्हणाले. "केस उंच बांधणाऱ्या बायकांसाठी वरून मोकळी. पोनी बांधत असतील तर ही कॅप, मागून मोकळी. ज्यांना ऊन बाधतं त्यांना ही मोठ्या काठाची हॅट. डोकं लहान असेल तर हनुवटीखाली नाडी. मापं आणा, केस कसे बांधतात ते लिहून आणा. एकदा गेल्या की परत घेणार नाही."

घरी येऊन मी बायकोला, कल्याणीला, हे सगळं रंगवून सांगितलं.

"मग विचारा ना त्या मुलींना सरळ," ती म्हणाली.

"सरप्राईज आहे."

"बायकांच्या डोक्याची मापं तुम्ही त्यांना न विचारता घेणार?"

"पद्धत असते!"

"मारही असतो," असं म्हणून ती भाजी परतायला गेली.

माझी पद्धत सोपी होती. खिशात टेप ठेवायची आणि मुली कामात असताना मागून जायचं. पहिल्या पाच जणींचं जमलं. सहावी भाग्यश्री. ही टीम लीडर. सगळं प्रोजेक्ट हिच्या डोक्यात, आणि ते डोकं भलतंच चौकस! मी तिच्या मागे टेप ताणून उभा राहिलो आणि ती गर्रकन वळली.

"गजभिये सर, काय करताय?"

"खुर्ची मोजतोय," मी पटकन म्हणालो.

"कशाला?"

"दुसऱ्या कुणाला बसेल का ते बघतोय."

याहून वाईट उत्तर त्या क्षणी मराठी भाषेत उपलब्ध नव्हतं! पण मला ते तेव्हा छान सुचल्यासारखं वाटलं. भाग्यश्रीचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, एसी जास्त आहे.

जागेवर येऊन मी डायरीत सगळं नीट लिहून काढलं. मग एक बिल झेरॉक्स करायला गेलो आणि डायरी मशीनवरच विसरून आलो. अर्ध्या तासाने जाऊन आणली. जागच्या जागी होती! माझ्या लक्षात एवढंच आलं नाही, की मशीन अजून गरम होतं.

तेव्हापासून ऑफिसात विलक्षण शांतता पसरली. मी कँटीनमध्ये गेलो की बोलणं थांबायचं. एका मुलीने मला स्वतःहून चहा आणून दिला. वृषाली नावाची एरवी नमस्कारही न करणारी मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या हातात काही असेल तर बघा ना."

"आता सगळं ठरलंय," मी प्रेमाने म्हणालो. "शुक्रवारी कळेलच!"

ती तोंडावर ओढणी धरून निघून गेली. मुलींना सरप्राईजचा वास लागलेला दिसतोय, असं मी मनाशी म्हटलं.

शुक्रवारी दुपारी आठ टोप्यांची पिशवी घेऊन आलो, तर मॅडमच्या केबिनबाहेर गर्दी! आत लॉरा बसलेली. उंच, पांढऱ्या केसांची, हातात आमच्या कँटीनचा चहा. टेबलावर सहा पाकिटं. आणि समोर भाग्यश्री, मागे पाच जणी.

"मॅडम, हे आमचे राजीनामे," भाग्यश्री म्हणत होती. "तुम्ही काढायच्या आधी आम्हीच जातो."

"कोण काढतंय तुम्हाला?" मॅडम उभ्याच राहिल्या.

"यादी फिरतेय, मॅडम. सगळ्यांनी वाचलीय."

तिने झेरॉक्स काढली आणि मोठ्याने वाचायला घेतली.

"सहा मुली. शुक्रवारपर्यंत निकाल लावणे. भाग्यश्री, वरून मोकळी. वृषाली, मागून मोकळी. कांचन, हिला मोठी लागणार, खर्च जास्त. मुक्ता, लहान आहे, नाडी बांधून टिकेल." तिचा आवाज इथे चिरकला. "आणि शेवटी लिहिलंय, एकदा गेल्या की परत घेणार नाही!"

अक्षर माझं होतं. वाक्यंही माझी होती. मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो असं मात्र मला वाटलं.

"वरून मोकळी म्हणजे वरून ऑर्डर आली ना?" भाग्यश्री माझ्याकडे वळली. "मग सरळ सांगायचं होतं, सर! मागून येऊन खुर्च्या काय मोजता? मुक्ताने लातूरला वडिलांना फोन केला, की मी घरी परत येतेय. ते दोन दिवस जेवले नाहीत."

मुक्ता खाली बघत होती. सगळ्यांत धाकटी, पहिलीच नोकरी. त्या क्षणी मला लिफ्टच्या खड्ड्यात जाऊन उभं राहावंसं वाटलं.

"व्हॉट इज शी सेइंग?" लॉराने मॅडमना विचारलं.

मॅडमनी तिला हातानेच थांबवलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी पिशवी टेबलावर उपडी केली. राजीनाम्यांवर टोप्यांचा ढीग पडला.

"ही!" मी व्हायझर उचलली. "ही वरून मोकळी. तुम्ही अंबाडा उंच बांधता ना, म्हणून! ही मागून मोकळी, वृषालीच्या पोनीसाठी. ही कांचनची मोठी. आणि ही मुक्ताची. नाडीची!"

मग मुक्ता पुढे आली, टोपी डोक्यावर ठेवली, नाडी बांधली आणि रडायला लागली. तिला रडताना बघून वृषाली हसायला लागली. मग भाग्यश्रीने व्हायझर घातली, काचेत स्वतःकडे पाहिलं आणि कोरडेपणाने म्हणाली, "माप बरोबर आहे. तुमची पद्धत सोडून सगळं बरोबर आहे."

मॅडमनी सहाही पाकिटं फाडली. मुक्ताला माझ्याच टेबलावरच्या फोनवरून लातूरला बोलायला लावलं. "हां आबा... नाही हो, टोपी होती," एवढं मला ऐकू आलं. आबांना काय कळलं असेल कोण जाणे.

लॉराला सगळा प्रकार समजला तेव्हा ती इतकी हसली की चहा सांडला. जाताना म्हणाली, नोकरी वाचवायला एकमेकांना पुढे ढकलणारी माणसं तिने पुष्कळ पाहिलीत, पण सहा जणी एकत्र राजीनामे देतात हे पहिल्यांदा पाहिलं. प्रोजेक्ट राहिलं. श्रेय कुणाचं, हे मी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी येरवड्याच्या बाजूच्या मैदानावर मला पाण्याच्या बाटल्या सांभाळायला नेलं होतं. खेळ सुरू होण्याआधी लॉरा माझ्याकडे आली. तिने मी तिच्यासाठी आणलेली व्हायझर काढली आणि सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर घातली! टाळ्या! तिच्याकडे स्वतःची जुनी हॅट होतीच. आता एवढ्या सन्मानाने घातलेली टोपी काढायची कशी? मी ती चार तास घालून उन्हात उभा राहिलो.

इथे एक खाजगी गोष्ट सांगणं भाग आहे. माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना भरपूर केस आहेत. मध्ये नाहीत.

संध्याकाळी कल्याणी मला वारज्यातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी डोक्याला हात लावला आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो.

"चांगलंच भाजलंय. एवढ्या उन्हात टोपी घालायची नाही का?"

"घातली होती."

"चार तास?"

"चार तास."

"मग मधलंच कसं भाजलं?"

मी पिशवीतून व्हायझर काढून दिली. डॉक्टरांनी ती हातात घेतली. वरच्या मोकळ्या जागेतून आधी हात घालून बघितला, मग त्यातूनच माझ्याकडे पाहिलं.

"बायकांची आहे ही."

"हो."

"कुणी निवडली?"

कल्याणी माझ्याकडे बघत होती.

"कल्पना नाही," मी म्हणालो.